230 मीटरवरचा मराठवाडा : आकाशवाणी परभणी केंद्राची वाटचाल

आकाशवाणीचे परभणी केंद्र 1968 मध्ये सुरू झाले. संस्थेचा इतिहास उद्घाटनाच्या वर्षापासून सांगण्याची रीत आहे. या केंद्राच्या बाबतीत मात्र आणखी मागे जायला हवे. मराठवाड्याला रेडिओ एकदा मिळाला होता, तो हातचा गेला आणि पुढची पंधरा वर्षे कुणी परत दिला नाही. ही वर्षे ध्यानात घेतली तरच परभणीत उभ्या राहिलेल्या मनोऱ्याचे मोल कळते.

मराठवाड्याला रेडिओची ओळख झाली ती निजामाच्या राजवटीत. हैदराबादेत हौसेपोटी सुरू झालेले एक छोटे खासगी प्रक्षेपण केंद्र संस्थानच्या सरकारने 1935 मध्ये ताब्यात घेतले आणि त्यातून पुढे ‘डेक्कन रेडिओ’ उभा राहिला. त्याचे एक केंद्र औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला होते. कारभाराची भाषा उर्दू, त्यामुळे रेडिओवरही पहिला मान उर्दूचा. रझाकारांच्या धामधुमीत हा रेडिओ सत्तेची बाजू मांडत राहिला. शेवटी 17 सप्टेंबर 1948 रोजी, पोलीस कारवाईच्या पाचव्या दिवशी, निजाम मीर उस्मान अली खान यांनी हार मान्य केली तीही रेडिओवरूनच. आपण दरवर्षी साजरा करतो त्या मुक्तिसंग्राम दिनाची बातमी अशी लहरींवरून आली होती. रेडिओ ज्याच्या हाती असतो त्याचाच शब्द गावोगाव पोचतो, हे मराठवाड्याने इतक्या जवळून अनुभवले होते.

1 एप्रिल 1950 रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे आली. आता आपल्या भाषेत, आपल्या माणसांना बोलता येईल अशी आशा वाटावी असे ते दिवस होते. पण 2 ऑक्टोबर 1953 रोजी पुण्याचे केंद्र सुरू झाले आणि त्याच सुमारास औरंगाबादचे केंद्र बंद पडले. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पण केंद्र काही आले नाही. मुंबईला 1927 पासून नभोवाणी होती, नागपूरला 1948 पासून. सांगलीलाही 1963 मध्ये केंद्र मिळाले. गोदावरीच्या काठची पाच जिल्ह्यांची ही सारी भूमी तेवढा काळ पुण्या-मुंबईचे आणि हैदराबादचे आवाज ऐकत राहिली. तेही हवा साथ देईल तेव्हा आणि बॅटरीत जीव असेल तोवर.

याच काळातल्या एका माणसाची इथे आठवण काढायलाच हवी. ‘ओ’, ‘हिरवे गुलाब’, ‘आडगावचे चौधरी’ यांसारख्या कादंबऱ्या लिहिणारे कवी आणि कथाकार बी. रघुनाथ परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचे. निजामी राजवटीत नोकरी सांभाळून त्यांनी मराठीत लिहिले, आणि 7 सप्टेंबर 1953 रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी ते परभणीतच गेले. ज्या वर्षी मराठवाड्याचा रेडिओ बंद झाला, त्याच वर्षी परभणीचा सर्वांत मोठा लेखक गेला. आपल्या गावच्या केंद्रावरून आपली कविता वाचण्याची संधी त्यांना मिळाली नाही. परभणीत रेडिओ उशिरा आला म्हणजे नेमके काय गमावले, हे मला बी. रघुनाथांच्या नावाशिवाय सांगता येत नाही.

काळ्या मातीतून जाणारी लहर

केंद्र परभणीलाच का, औरंगाबादला का नाही, हा प्रश्न आजही विचारला जातो. नकाशा समोर ठेवला की परभणीचा पक्ष बळकट दिसतो. परभणी मराठवाड्याच्या पोटात आहे. हिंगोली आणि नांदेड हवाई अंतराने साठ-पासष्ट किलोमीटरवर. लातूर, बीड, जालना ही तिन्ही ठिकाणे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत. औरंगाबादहून लहर सोडली असती तर तिचा बराचसा जोर खानदेश आणि नगरकडे गेला असता.

परभणी केंद्र ओळखले जाते ते मध्यम लहरीवरच्या 1305 किलोहर्ट्झने, म्हणजे साधारण 230 मीटर लांबीच्या लहरीने. प्रक्षेपणाची शक्ती 20 किलोवॉट. हा 1305 चा आकडाही सहज आलेला नाही. 1975 मध्ये जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात आशिया, युरोप आणि आफ्रिकेतल्या मध्यम लहरींच्या केंद्रांमध्ये 9 किलोहर्ट्झचे अंतर ठरले आणि 1978 च्या नोव्हेंबरात ते अमलात आले. तेव्हापासून प्रत्येक केंद्राची जागा 9 च्या पाढ्यात बसवली गेली, आणि 1305 म्हणजे 9 गुणिले 145. रेडिओचा काटा आपण ज्या रेघेवर आणून थांबवत होतो ती रेघ अनेक देशांनी एकत्र बसून आखलेली होती.

मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून चालते. जमीन जितकी ओल धरणारी, जितकी चांगली वाहक, तितकी लहर दूर जाते. खडकाळ डोंगरात ती लवकर दमते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातली आपली काळी कसदार जमीन, जिच्यात कापूस आणि ज्वारी येते, तीच जमीन या लहरीलाही मानवते. रात्री गोष्ट बदलते. सूर्य मावळला की वातावरणातला लहर शोषून घेणारा खालचा थर विरतो, लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटरवर उतरतात, आणि शेजारच्या केंद्रांची कुजबुज एकमेकांत मिसळते. संध्याकाळच्या सभेत मधूनच कुठला तरी परका आवाज डोकवायचा तो याचमुळे.

ज्या वर्षी केंद्र आले त्याच वर्षी जिंतूर तालुक्यातले येलदरीचे धरणही पूर्ण झाले. पैठणच्या जायकवाडीचा पायाही लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 1965 मध्ये बसला होता. मराठवाड्याला पाणी, वीज आणि आवाज या तिन्ही गोष्टी एकाच दशकात यायला लागल्या. त्यांपैकी आवाज सर्वांत आधी घरात पोचला. कालव्याला जमीन संपादन करावी लागते, खोदाई करावी लागते. लहरीला एक मनोरा पुरतो.

स्वरचाचणीची खोली

या केंद्राने सर्वांत मोठे काम कोणते केले असे कुणी विचारले तर मी स्वरचाचणीच्या खोलीकडे बोट दाखवीन.

आकाशवाणीवर गाण्यासाठी परीक्षा द्यावी लागते. ही पद्धत डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाल्यानंतर, 1952 पासून देशभर घट्ट झाली. पंडित श्रीकृष्ण रातंजनकरांसारखे विद्वान तिच्याशी जोडले गेले आणि मोठमोठ्या गवयांनी तेव्हा तिला विरोधही केला. केसकरांचे टीकाकार पुष्कळ होते, आणि चित्रपटगीतांविषयीच्या त्यांच्या कडकपणामुळे श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले हेही खरे. पण त्या परीक्षेतला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. गाणारा एका खोलीत, परीक्षक दुसऱ्या खोलीत. परीक्षकांना कानावर पडेल तेवढेच कळायचे. नाव, गाव, जात, कपडे, ओळखदेख यांतले काही नाही.

महानगरात या नियमाचा अर्थ एक असतो आणि परभणीसारख्या जिल्ह्यात दुसरा. इथे गाणे गावाच्या रचनेत बांधलेले होते. गोंधळ कुणी घालायचा, वाघ्या-मुरळी कुणी व्हायचे, हलगी कुणाच्या हातात, पोवाड्याला कोण उभा राहायचा, तांड्यावर लेंगी कुणी गायची, उरुसात कव्वाली कुणाची, हे सारे ठरलेले. भीमजयंतीला वस्तीत रात्रभर घुमणारे गाणे गावाच्या वेशीबाहेरच राहायचे. कलावंत मोठा असला तरी त्याची जागा ठरलेली. अशा माणसाला पोस्टाने पत्र येते, त्यावर शासनाची मोहोर असते, तो एसटीने परभणीला येतो, स्टुडिओत जाजमावर बसतो, तांबडा दिवा लागतो आणि मायक्रोफोन त्याच्या तोंडापाशी आणून ठेवला जातो. गाण्याचे करारपत्र होते, त्यावर त्याचे नाव पूर्ण लिहिलेले असते, मानधन ठरलेले असते. कार्यक्रमाच्या वेळी निवेदक त्याचे नाव आणि गाव आदराने उच्चारतो. त्या एका उच्चाराने गावात काय घडायचे हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी अधिक सांगायला नको.

एक अडचण मात्र सुरुवातीच्या वर्षांत होती आणि ती आपल्याकडच्या गाण्याच्या मुळावर येणारी होती. आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. जॉन फोल्ड्झ नावाच्या इंग्रज संगीतकाराने 1930 च्या दशकाच्या शेवटी हार्मोनियमविरुद्ध लिहिले. पेटीचे स्वर ठोकळेबाज, त्यातून मींड निघत नाही, श्रुती दाखवता येत नाही, हा त्याचा मुद्दा. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नकोशी होती. 1 मार्च 1940 पासून ती रेडिओवरून हद्दपार झाली आणि 1971 च्या सुमारास साथीपुरती, तीही अटी घालून, परत आली. म्हणजे परभणी केंद्र उघडले तेव्हा ही बंदी चालू होती. आता मराठवाड्यातले एक तरी भजनी मंडळ पेटीवाचून आठवून पाहा. सप्ताहातले कीर्तन, एकादशीचा हरिपाठ, उरुसातली कव्वाली, कलापथक, सगळीकडे काळी चारच्या पट्टीत पेटी आधी लागते आणि मग गळा. शास्त्रीय संगीताच्या शुद्धतेसाठी महानगरांत केलेला नियम लोकगायकाला किती जाचक ठरला असेल! मींडीचा मुद्दा संगीतशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे हे मला मान्य आहे. तरीही ज्या वाद्याने खेड्यातल्या निरक्षर माणसाला सुरात उभे राहायला शिकवले, त्याला तीस वर्षे दाराबाहेर ठेवणे हा अन्यायच होता असे मी म्हणेन. उलट बाजूने एक गोष्टही घडली: एकतारी, तुणतुणे, चौंडके, संबळ, हलगी ही पेटीच्या आधीची वाद्ये मायक्रोफोनपुढे एकटी वाजली आणि त्यांचा मूळ नाद स्वच्छ ऐकू आला.

याच खोलीत बाया आल्या. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दळता-कांडता गाणे ही इथल्या बाईला जनाबाईंपासून मिळालेली वाट. पण जात्यावरची ओवी ही पहाटेच्या अंधारात, घरातल्या घरात गायची गोष्ट. ती चार माणसांत म्हणायची नाही असा संकेत. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा ओव्या जमवल्या तेव्हा त्यांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. इतके काव्य घरांत पडून होते. रेडिओच्या महिलांच्या कार्यक्रमांनी त्यातले थोडे का होईना उंबऱ्याबाहेर आणले. डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून स्टुडिओत आलेली बाई गायला लागली की हळूहळू मान वर करते. आकाशवाणीच्या कोणत्याही प्रादेशिक केंद्रात जुने कार्यक्रम अधिकारी ही गोष्ट तुम्हाला सांगतील.

सकाळची सभा उघडताना जी संकेतधून लागायची तिची कथाही थोडी सांगतो. शिवरंजनी रागाच्या अंगाने जाणारी ती धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. हे मूळचे युरोपातल्या कार्लस्बाडचे यहुदी संगीतकार. नाझींचे सावट पडू लागले तेव्हा, 1934 मध्ये, ते मुंबईला आले आणि पुढे काही वर्षे मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग त्यांनी सांभाळला. देश सोडावा लागलेल्या एका परदेशी माणसाची ती सुरावट जिंतूर-सेलूच्या घरांतून रोज पहाटे चुलीच्या धुरासोबत उठत होती. त्यानंतर ‘वंदे मातरम्’, सनईचा मंगल ध्वनी, आणि मग भक्तिसंगीत.

पाश्चात्त्य संगीताचा विषय निघालाच आहे तर तरुणांविषयीही बोलायला हवे. दिल्लीहून 21 जुलै 1969 रोजी ‘युववाणी’ सुरू झाली आणि महानगरांत त्या सभेवर गिटार, ड्रम आणि इंग्रजी गाणी वाजू लागली. परभणीच्या कॉलेजकुमाराला ते संगीत हवे असेल तर रात्री शॉर्टवेव्हवर सिलोन, नाहीतर बीबीसी चाळावी लागे. पण ‘युववाणी’ची कल्पना इथेही उपयोगी पडली. लिहिलेला कागद हातात घेऊन दहा मिनिटे नीट बोलणे, वेळेत संपवणे, स्वतःचा आवाज नंतर ऐकून लाजणे आणि सुधारणे, हे शिक्षण अनेक मुलांना इतरत्र कुठेच मिळाले नसते.

शेतकऱ्याचे केंद्र

पुणे केंद्राने 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत एक प्रयोग केला होता. गावात श्रोतृमंडळ करायचे, रेडिओभोवती एकत्र बसून शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची, शंका पत्राने कळवायच्या आणि पुढच्या कार्यक्रमात उत्तर ऐकायचे. ‘ऐका, चर्चा करा, करून पाहा’ हे त्याचे सूत्र. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचा अभ्यास केला आणि तो जगभर नावाजला गेला. ते पाचही जिल्हे पश्चिम महाराष्ट्र आणि नाशिक भागातले होते. मराठवाडा त्या वेळी अजून मुंबई राज्यात आलेलाच नव्हता. 1966 पासून आकाशवाणीने निवडक केंद्रांवर शेती आणि गृह विभाग उघडायला सुरुवात केली. देशात संकरित बियाणे येत होते, अन्नटंचाई होती, आणि शेतकऱ्यापर्यंत पोचायचे दुसरे साधन नव्हते. परभणी केंद्र अशा घडीला जन्माला आले.

आणि लगेच परीक्षा आली. 1972 चा दुष्काळ मराठवाड्यातल्या प्रत्येक घराच्या स्मरणात आहे: खडी फोडायची कामे, सुकडी, लाल मिलो, गावेच्या गावे रस्त्याच्या कामावर. त्याच वर्षी 18 मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. 2013 पासून ते वसंतराव नाईकांच्या नावाने ओळखले जाते. विद्यापीठ आणि आकाशवाणी एकाच गावात असणे हा परभणीचा मोठा योग. शास्त्रज्ञाला स्टुडिओत यायला प्रवास नको, आणि स्टुडिओच्या माणसाला ध्वनिमुद्रक घेऊन प्रक्षेत्रावर जायला वेळ लागत नाही. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांची भाषणे आणि मुलाखती केंद्राच्या शेती कार्यक्रमांचा कणा झाल्या. शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी, नांदेडच्या संशोधन केंद्राचे ‘एनएचएच 44’ हे कपाशीचे संकरित वाण, पुढे ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी, बदनापूरचे तुरीचे वाण: या प्रत्येक बियाण्याला पिशवीइतकीच गरज समजावून सांगणाऱ्या आवाजाची होती. किती खोलीवर पेरायचे, किती अंतर सोडायचे, कोणत्या नक्षत्रात पेरले तर काय होईल, कीड दिसली तर फवारणी लगेच करायची की थांबायचे.

24 फेब्रुवारी 1976 ला जायकवाडीचे लोकार्पण झाले आणि डावा कालवा पाथरी, मानवत, परभणीच्या शिवारात आला. कोरडवाहू माणसाला पाण्याची सवय नसते. पाणी फार दिले तर काळी जमीन चिबडते, मीठ वर येते. पाण्याची पाळी, सऱ्या-वरंबे, निचरा हे सारे नव्याने शिकायचे होते, आणि कृषी सहायक प्रत्येक बांधावर पोचू शकत नव्हता. शेतीच्या कार्यक्रमातली गावरान ढंगाची माणसे आपापसात गप्पा मारत हे शिकवत. परभणी, हिंगोलीच्या मातीतली जी भाषा पुढे इंद्रजित भालेराव यांच्या ‘पीकपाणी’च्या कवितेत आणि आसाराम लोमटे यांच्या साहित्य अकादमी मिळालेल्या ‘आलोक’च्या कथांत मानाने छापली गेली, त्या मातीतली माणसे त्याआधी कितीतरी वर्षे रेडिओवर बोलत होती. आपली बोली यंत्रातून ऐकू येते, म्हणजे ती काही कमी प्रतीची नाही, एवढा विश्वास त्याने दिला.

केंद्रातला दिवस

बाहेरून रेडिओ म्हणजे निवेदकाचा आवाज. आतून तो शिस्तीचा कारखाना असतो. पहाटेच्या सभेसाठी अभियंते अंधारातच येतात. जुन्या व्हॉल्व्हच्या प्रक्षेपकाला तापायला वेळ द्यावा लागे. एकदम दाब दिला तर महागडा व्हॉल्व्ह जायचा. वीज गेली की जनरेटर. ड्यूटी रूममध्ये त्या दिवसाची क्यू शीट, म्हणजे सेकंदासकट लिहिलेला बेत. कोणती टेप, कोणती तबकडी, कुणाची घोषणा, दिल्लीच्या मराठी बातम्यांसाठी लाइन कधी जोडायची. साडेआठच्या दिल्लीच्या बातम्यांना पाच सेकंद उशीर झाला तर लॉगबुकात नोंद व्हायची आणि खुलासा द्यावा लागायचा.

ध्वनिमुद्रण पाव इंच रुंदीच्या फितीवर. बाराशे फुटांच्या एका स्पूलवर सेकंदाला साडेसात इंच या वेगाने अर्धा तास बसतो. वक्ता अडखळला, खोकला, की ती जागा खडूने खुणावायची, ब्लेडने तिरकी कापायची, चिकटपट्टीने जोडायची. कान इतके तयार की कापलेला श्वाससुद्धा लक्षात यायचा. हे काम करणाऱ्यांची नावे कार्यक्रमात कधी सांगितली जात नसत. त्यांतले पुष्कळ जण नैमित्तिक उद्घोषक म्हणून महिन्यातून मोजक्या पाळ्या करत, दिवसा शिक्षक, कारकून किंवा विद्यार्थी असत. श्रोत्यांना पाठ असलेले कितीतरी आवाज कायम नोकरीत कधीच नव्हते. इथे त्यांचे ऋण स्वच्छ शब्दांत मान्य केले पाहिजे.

आणि पत्रे. रेडिओचा श्रोता दिसत नाही, तो पोस्टकार्डातून येतो. गाण्याची फर्माईश, शेतीचा प्रश्न, कार्यक्रम आवडल्याची पावती, नावाचा उच्चार चुकल्याची तक्रार. एका पोस्टकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावे, शेजाऱ्यांची, मित्रमंडळाची. मराठी केंद्रांवरच्या फर्माईशीच्या कार्यक्रमांत ही नावे वाचली जात तेव्हा पालम, सोनपेठ, पूर्णा तालुक्यातली वाडी-वस्ती क्षणभर साऱ्या मराठवाड्याला माहीत व्हायची. तेव्हा रेडिओ ठेवायला परवाना लागे, त्याचे पैसे पोस्टात भरायचे, पुस्तकावर शिक्का घ्यायचा. 1980 च्या दशकात ती पद्धत गेली.

पुढचा काळ झपाट्याचा. 1984 मध्ये नागरकोईलला देशातले पहिले स्थानिक केंद्र निघाले आणि त्या योजनेतून पुढे नांदेड, बीड, उस्मानाबाद येथे एफएम केंद्रे आली. परभणी ज्या भूभागाला आवाज देत होती तिथे आता भावंडे झाली. 1995 मध्ये परभणीत नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. 1997 मध्ये आकाशवाणी प्रसार भारतीकडे गेली. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, पण लहरीला जिल्ह्याची हद्द कळत नाही. दूरचित्रवाणी, मग उपग्रह वाहिन्या, मग मोबाइल. 28 एप्रिल 2023 रोजी देशात एकाच दिवशी 91 छोटी एफएम प्रक्षेपण यंत्रे सुरू झाली. दुसरीकडे मध्यम लहरीची जुनी यंत्रे ठिकठिकाणी थांबवली जात आहेत. एफएमचा आवाज अधिक स्वच्छ असतो, यात वाद नाही. परंतु 100 वॉटचे एफएम शहराभोवती फिरते आणि 20 किलोवॉटची मध्यम लहर बालाघाटच्या पायथ्याच्या शेतापर्यंत जाते. स्थानिक कार्यक्रमांचे तास कमी करून दुसरीकडची सभा जोडणे सोपे असते, स्वस्तही असते. मराठवाड्याने 1953 ते 1968 हा काळ पाहिला असल्यामुळे या सोयीची किंमत त्याला आधीच माहीत आहे.

फितींचे काय झाले

या इतिहासातली सर्वांत दुखरी जागा फितींची आहे. टेप महाग, पुरवठा मोजका. म्हणून प्रसारण झाले की फीत पुसायची आणि तिच्यावर नवे मुद्रण करायचे, ही देशभरच्या केंद्रांची सर्वसाधारण रीत. मान्यवरांची, नावाजलेल्या गवयांची मुद्रणे दिल्लीच्या संग्रहासाठी निवडली जात. खेड्यातल्या गोंधळ्याचे, तांड्यावरच्या बाईचे, मशागतीवर बोलणाऱ्या शेतकऱ्याचे मुद्रण निवडणार कोण? ज्या आवाजांना रेडिओने पहिल्यांदा मान दिला तेच आवाज पहिल्यांदा पुसले गेले. कुणी वाईट हेतूने केले असे नाही. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाला फीत हवी होती, एवढेच कारण.

जे उरले आहे ते तरी वाचवता येईल. चुंबकीय फितीवरचा लेप कालांतराने सुटतो, ओलाव्याने चिकट होतो आणि एकदा यंत्रावर चढवताना खरवडला गेला की पुन्हा मिळत नाही. म्हणून क्रम ठरवायला हवा: आधी लोकसंगीत आणि महिलांचे कार्यक्रम, मग शेतीच्या मुलाखती, मग भाषणे, चित्रपटगीतांच्या तबकड्या शेवटी, कारण त्या इतरत्रही सापडतील. ज्यांच्या घरी जुनी करारपत्रे असतील त्यांनी ती फेकू नयेत. त्यांवर कलावंताचे नाव, गाव, गायनप्रकार आणि तारीख असते, आणि फीत पुसली गेली असली तरी त्या कागदांवरून परभणी केंद्रावर कोण कोण गायले याची यादी अजूनही करता येईल. कॅसेटच्या काळात अनेकांनी घरच्या टू-इन-वनवर आपल्या नातेवाइकाचा कार्यक्रम मुद्रित करून ठेवला होता. त्या कॅसेटी माळ्यावर, लोखंडी पेटीत, दिवाळीच्या सफाईत हाताला लागतात. त्यांच्या कडेला असलेली छोटी पट्टी मोडून ठेवा, म्हणजे चुकूनही त्यांवर दुसरे काही मुद्रित होणार नाही, आणि त्यांची एक प्रत विद्यापीठाच्या किंवा एखाद्या जुन्या वाचनालयाच्या संग्रहात द्या. जुन्या निवेदकांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना बोलते करून त्यांच्या आठवणी मुद्रित करण्याचे कामही लगेच हाती घ्यायला हवे, कारण पहिल्या दशकात केंद्रात काम केलेली माणसे आता वयाच्या ऐंशीच्या घरात आहेत.